गव्हाशी उभा दावा

४ ऑगस्ट

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी ही वही घ्यायला लावली. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, पोटाचं काय झालं, रोज लिहायचं. लिहितो. अठ्ठावीस वर्षं पलटणीत हुकूम पाळले, हाही पाळीन. पण मी मान्य केलंय असा अर्थ कुणी काढू नये.

हकिकत अशी. दोन वर्षं रक्त कमी. लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळलो, रक्त वाढेना. वजन एकोणऐंशीवरून अठ्ठावन्नवर आलं. गेल्या महिन्यात इस्लामपूरजवळच्या आमच्या भरती अकॅडमीच्या मैदानावर पोरांच्या पुढं पळत होतो, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मातीत बसलो. साठ पोरं-पोरी बघत होती. मग सांगली, रक्त, घशातून नळी, आणि निकाल: सिलिअ‍ॅक. गव्हात ग्लुटेन नावाचं एक चिकट द्रव्य असतं, ते माझ्या आतड्याला सोसत नाही. औषध नाही. गहू, रवा, मैदा, सातू जन्मभर बंद. कणभरसुद्धा नाही.

मी म्हणालो, "मॅडम, सियाचिनला उणे तीसमध्ये पुरी-भाजीवर दिवस काढलेत. तेव्हा काही झालं नाही. आता पन्नाशीत गहू माझं काय वाकडं करणार?"

"तेव्हा शत्रू झोपला होता, सुभेदारसाहेब. आता उठलाय."

बाई बोलायला तयार आहे. रमचं विचारलं. ती उसाची, चालते. एवढी एकच बरी बातमी. मग म्हणाल्या, "मुलं किती?" एक मुलगी, म्हणालो. "तिचंही रक्त तपासून घ्या, हे रक्ताच्या नात्यात येतं." चिठ्ठी लिहून दिली, ती शर्टाच्या खिशात ठेवली. क्रांती वीस वर्षांची आहे. तिला काही झालेलं नाही, तिला फक्त आळस आहे.

आज खाल्लं: सकाळी पोहे, दुपारी आमटी-भात, संध्याकाळी दोन चपात्या. शेवटच्या म्हणून.

९ ऑगस्ट

खाल्लं: ज्वारीची भाकरी, पावटा, ताक. पोट: जैसे थे.

बायकोनं, विजयमालानं, स्वयंपाकघराचा पार नकाशाच बदलला. नवीन परात, नवीन तवा, माझ्या पिठाचा डबा वेगळा, त्यावर तांबड्या रंगाची फुली. तिला म्हणालो, "दारूगोळ्याचं कोठार केलंस की." ती हसली नाही. म्हणाली, "डॉक्टरीणबाई कणभर म्हणल्यात. कणभर म्हंजे कणभर."

गावातल्या गिरणीत आधीच्या माणसाचा गहू दळला की दगडात पीठ राहतं, ते माझ्या ज्वारीत येतं. म्हणून ती पहाटे गिरण उघडायच्या आधी जाऊन दारात उभी राहते, पहिलं दळण आपलं. वर दोन किलो तांदूळ आधी दळून टाकून देते, दगड धुतल्यासारखा. गिरणीवाला वैतागलाय.

मी भाकरी खाऊन मोठा झालो. पण चपाती ही आमच्या घरात माझ्या पगारानं आली. पहिली रजा काढून आलो तेव्हा आईनं सगळ्या भावकीला चपात्या घातल्या होत्या. आता त्याच घरात मला सोडून सगळ्यांच्या ताटात चपाती, हे बघवत नाही.

सगळ्यांच्या म्हणजे क्रांतीच्या. विजयमालाला हल्ली भाकरीच आवडते म्हणे. बायकांच्या आवडी कधी बदलतील सांगता येत नाही.

१७ ऑगस्ट

पोट: दोनदा.

आज अकॅडमीत आठशे मीटरचा वेळ घेतला. क्रांती तीन मिनिटं एकवीस सेकंद. शेवटून दुसरी. पोलीस भरतीचं मैदान मार्चमध्ये लागेल असं म्हणतात, आणि सुभेदार कृष्णातची मुलगी शेवटून दुसरी. सगळ्यांसमोर म्हणालो, "मोबाईल पळवायचा असता तर पहिली आली असतीस."

"सर, दम लागतोय." मैदानावर ती मला सर म्हणते, हा माझाच नियम.

"दम सगळ्यांनाच लागतो. म्हणून त्याला दम म्हणतात."

पोरं हसली. ती रांगेत जाऊन उभी राहिली. दुपारी मेसमधनं जेवून आली आणि परत झोपली. तोंड आलंय म्हणून तिखट नको म्हणते. विशीतल्या पोरीचे केवढे लाड.

२९ ऑगस्ट

परवा घरात दगा सापडला. हिंग! विजयमालानं चष्मा लावून डबीवरची बारीक अक्षरं वाचली तर हिंगात गव्हाचं पीठ. तीन आठवडे मी बिनगव्हाचं म्हणून जी आमटी खातोय तिच्यात शत्रू फोडणीतून येत होता.

डबी उकिरड्यावर. आमटी बिनहिंगाची. चव गेली, पण पोट दोन दिवस शांत. कुणाला सांगणार नाही, इथं लिहितो: दोन वर्षांत पहिल्यांदा शांत.

४ सप्टेंबर

गणपतीचा महाप्रसाद. मंडळाचे अध्यक्ष कोंडीबा आमचे शेजारी. सत्तरीचा माणूस, शब्द खाली पडू देत नाही. पंगतीत गव्हाची खीर. मी पानावर हात आडवा धरला.

कोंडीबा म्हणाले, "आरं, खपलीची हाय! साधा गहू न्हवं. खपली साखरवाल्यांनाबी चालतोय, तुला काय हुतंय?"

"आण्णा, डॉक्टरांनी..."

"देवाच्या प्रसादानं कवा कुणाला बाधलंय व्हय रं? सुभेदार, भेलास का काय?"

भेलास का, म्हणाले. पन्नास माणसं वळून बघायला लागली. वाढ, म्हणालो. तीन वाट्या खाल्ल्या, दूध घालून. गूळ, वेलची, ओलं खोबरं. खोटं कशाला लिहू, लय गोड लागली.

६ सप्टेंबर

खपली हाही गहूच. हे मला आता नीट समजलेलं आहे. समजण्याची जागा संडास.

विजयमालानं ओ.आर.एस.चं पाणी आणून ठेवलं आणि सांगलीच्या एका बाईंचा फोन नंबर. डॉक्टरीणबाईंनी दिलेला, महिना झाला मी बघितलाही नव्हता. चंपाबाई, गावभाग. "महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी तुमच्यासारखी माणसं जमत्यात. जावा."

मी म्हणालो, रडक्या लोकांच्या टोळीत मला जायचं नाही.

"मग संडासात जावा," ती म्हणाली आणि दळण घेऊन निघून गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

गेलो. बघून येतो एकदा, म्हणून.

गावभागात जुन्या पेठेत दुमजली घर. चंपाबाई सदुसष्ट वर्षांच्या, काटक, आवाज हवालदाराचा. त्यांचे यजमान आदगोंडा अण्णा, धान्याचे जुने व्यापारी, ताटं मांडत होते. जन्मभर गव्हाची पोती विकली, आणि बायकोला गहू बाधला म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी घरात गव्हाचा दाणा आणणं बंद केलं. आम्ही अकराजण. एक शाळेतली बाई, एक ट्रॅक्टरचा मेकॅनिक, तासगावचं नवीन लग्न झालेलं जोडपं.

चंपाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किती महिने झाले?"

"दोन."

"चोरून किती वेळा खाल्लासा?"

मी म्हणालो, चोरून नाही, पंगतीत खाल्लं. सगळे खो खो हसले. मला वाटलं होतं राग येईल, आला नाही. मेकॅनिक म्हणाला, त्यानं सासुरवाडीत करंजी खाल्ली होती, लाजेपायी. शाळेतल्या बाईनं वाढदिवसाचा केक. प्रत्येकाची एकेक करंजी होती.

"मी जैन," चंपाबाई म्हणाल्या. "कांदा न्हाई, बटाटा न्हाई, दिवस मावळला की जेवण न्हाई. निम्मं आधीच बंद हुतं. वर गहू गेला. म्हटलं, जातोय तर जाऊ दे की! मी हाय तिथंच हाय. लोक विचारतात, मग खातासा तरी काय? मी म्हणते, या, बसा, दाखवते."

दाखवलं. नाचणीची आंबोळी, वरीच्या तांदळाचा उपमा, ज्वारीच्या पिठाची कापणी. त्यांच्याकडं घरघंटी आहे, फक्त बिनगव्हाच्या दळणाची. सगळे आपापलं धान्य घेऊन येतात, दळून नेतात. मला म्हणाल्या, पुढल्या खेपेला ज्वारी घेऊन या, बायकोला पहाटे गिरणीत उभी करू नका. हे यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

निघताना दारात विचारलं, "मुलीचं रक्त तपासलासा?"

"हो," म्हणालो.

का म्हणालो ते माहीत नाही. एस.टी.त बसल्यावर खिसा चाचपला. चिठ्ठी दुसऱ्या शर्टात असेल.

१६ ऑक्टोबर

क्रांती आज मैदानावर पडली. सहाशे मीटरला. मी शिट्टी वाजवली, म्हणालो, "ऊठ. नाटकं बास." ती उठेना. परत म्हणालो. अख्खी बॅच उभी होती. मग पल्लवी नावाची एक पोरगी रांग मोडून धावली, तिनं मांडीवर डोकं घेतलं आणि ओरडली, "सर, ओठ पांढरे पडलेत हिचे!"

पांढरे पडले होते.

१७ ऑक्टोबर

सकाळी उठलो तर घरात दोघीही नाहीत. ओट्यावर भाकरी झाकून ठेवलेली. खुंटीवर माझा निळा शर्ट, खिसा उलटा.

२९ ऑक्टोबर

क्रांतीचा रिपोर्ट आला. माझ्यासारखाच. रक्त माझ्यापेक्षा कमी.

दिवाळी झाली. शंकरपाळी केली नव्हती. लिहिण्यासारखं काही नाही.

३ नोव्हेंबर

तिच्याही घशातून नळी घातली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. विजयमाला माझ्याशेजारी बसली नाही, समोरच्या बाकावर बसली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, बहुतेक लहानपणापासूनच असावं. मी विचारलं, आळस, झोप, तोंड येणं, केस गळणं? सगळं ह्याचंच, म्हणाल्या.

एकेक आठवायला लागलं. दहावीत ती वर्गात झोपते म्हणून मास्तरांची तक्रार आली होती, तेव्हा मी रजेवर होतो. महिनाभर पहाटे चारला उठवून पळवलं होतं तिला.

८ नोव्हेंबर

आज निर्णय सांगितला. भरतीचा फॉर्म राहू दे. एक वर्ष घरी विश्रांती, खाणं-पिणं, तब्येत. बाप म्हणून सांगितलं, चांगल्यासाठीच.

क्रांती जेवत होती. ताट सारलं. "पप्पा, दोन वर्षं मला दम लागत हुता तवा पळ म्हणालासा. आता का लागतोय ते कळलंय, तर बस म्हणताय?"

"तुला कमी जास्त झालं तर?"

"तुमाला झालं, तुमी बसलासा का? अजून शिट्टी गळ्यात हाय तुमच्या."

मी आवाज चढवला. तिनंही चढवला. शेवटी म्हणाली, "तुमच्या मैदानावर न्हाई पळणार मी. पण पळणार."

मी विजयमालाकडं बघितलं, समजाव म्हणून. ती आत जाऊन बॅग भरत होती. क्रांतीची.

९ नोव्हेंबर

क्रांती सांगलीत चंपाबाईंकडं गेली. माडीवर त्यांची एक खोली रिकामी आहे. हे सगळं बायकांनी परस्पर ठरवलं होतं असं दिसतं. मला कुणी विचारलं नाही. अकॅडमीत पोरं विचारतात, क्रांतीताई कुठंय. बदली झाली, म्हणालो.

खाल्लं: लक्षात नाही.

२ डिसेंबर

वजन त्रेसष्ट. माझं. डॉक्टरीणबाई खूश. सकाळी चार चकरा मारल्या, दम नाही. आनंद व्हायला पाहिजे होता.

अकॅडमीच्या मेसमध्ये आजपासून भाकरीचा वेगळा तवा. आचारी म्हणाला, "कुणासाठी? तुमी तर घरी जेवतासा." म्हणालो, तवा ठेव. साठ पोरांत कुणाला लागेल कुणास ठाऊक.

४ जानेवारी, रविवार

डिसेंबरच्या रविवारी गेलो नव्हतो. आज गेलो. डोक्यावर दहा किलो ज्वारी, हे निमित्त.

क्रांती घरात नव्हती, मैदानावर गेली होती. आदगोंडा अण्णा म्हणाले, रोज सकाळी जाते, ते घड्याळ घेऊन बांधावर बसतात. बहात्तर वर्षांचा माणूस. "वेळ किती लावते?" मी विचारलं. "ते तिला विचारायचं," अण्णा म्हणाले आणि दळण लावायला गेले.

चंपाबाई तांदूळ निवडत होत्या. मी बसलो. मीही खडे वेचायला लागलो. मग मी म्हणालो, "रक्त तपासलं नव्हतं. खोटं बोललो होतो."

"म्हायती हाय."

"तिची माफी मागितली मी. फोनवर. दोनदा."

"वरडताना फोनवर वरडला हुतासा का?"

मी हातातला खडा बाजूला टाकला.

"चारचौघांत पोरीची अब्रू काढायची आणि माफी कानात सांगायची, हे कुठलं माप ओ? आमच्या दुकानात असलं माप चाललं नसतं."

जन्मात मला कुणी जेसीओनं, कुणी कर्नलनं असं सुनावलेलं नाही. पीठ घेऊन निघालो. बाई खरं बोलली, हे एस.टी. आष्ट्याच्या पुढं आल्यावर कबूल केलं. तोवर भांडतच होतो मनात.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला क्रांती यावी म्हणून निरोप धाडला होता. आली. आदगोंडा अण्णांच्या गाडीतून, चंपाबाईही. मागं पालकांत उभी राहिली. गावातली माणसं होती, कोंडीबाही पाहुणे म्हणून खुर्चीवर.

राष्ट्रगीत झालं. बॅचला विश्राम दिला. भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. बोललो ते आठवेल तसं लिहितो.

"सोळा ऑक्टोबरला ह्या मैदानावर एक कॅडेट पडली. मी म्हणालो, नाटकं बास. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ती नाटक करत नव्हती. तिला माझाच आजार आहे. तपासणीची चिठ्ठी अडीच महिने माझ्या खिशात होती. मी तपासलं नाही, कारण मला वाटलं माझ्या रक्तात खोट असूच शकत नाही. दोन वर्षं मी तिला आळशी म्हणालो. तुमच्यासमोर म्हणालो, तुम्ही हसलात, मला बरं वाटलं. आळस तिचा नव्हता. चूक माझी होती. तुमच्यासमोर केली, तुमच्यासमोर माफी मागतो. क्रांती, मी चुकलो."

टोपी काढली आणि उभा राहिलो. 

क्रांती मागून चालत पुढं आली. ट्रॅकसूटची चेन वर ओढली, सावधान उभी राहिली. "सर, झालं असंल तर ट्रॅक मोकळा करा. माझा आजचा सराव ऱ्हायलाय."

आणि बॅचमध्ये जाऊन उभी राहिली. पल्लवीनं तिच्यासाठी जागा केली.

नंतर कोंडीबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "कृष्णात, पोरीचं लगीन व्हायचंय अजून. असलं चव्हाट्यावर सांगत्यात व्हय? झाकायचं."

"आण्णा, झाकलं म्हणून तर पडली ती."

"आरं, पण सोयरीक कोण करंल?"

"ज्याला भाकरी थापता येतीय तो करंल. न्हाई आला तर ती पोलिसात हाय, तिचं काय अडतंय?"

अजून पोलिसात नाही, हे मलाही माहीत होतं. मग कोंडीबा पेढे घेऊन आले. एक मला देऊ केला, मी म्हणालो, आधी डबा दाखवा, काय काय घातलंय ते वाचतो. त्यांच्या तोंडावर वाचला. चालत होता. खाल्ला.

ऊन चढल्यावर पल्लवी मेसच्या दारात घुटमळत होती. "सर, चपाती खाल्ली की माझंबी पोट फुगतंय. घरी सांगितलं तर म्हणत्यात नखरे." तिच्या वडिलांना तिथूनच फोन लावला. आवाज चढवावा लागला थोडा.

१२ फेब्रुवारी

क्रांती घरी आली. कायमची नाही म्हणते, भरतीपुरती. विजयमालानं घरात उरलेला गहू गिरणीवाल्याला देऊन टाकला. आता तिघंही भाकरीवर. मी म्हणालो, तुझ्यासाठी तरी चार चपात्या ठेवायच्यास. ती म्हणाली, "सात महिने झाले, आठवण न्हाई येत." सात महिने कसले? मला तर सहाच झाले.

मग हिशेब लागला. जुलैत माझ्या घशात नळी घातली त्या दिवसापासून ती मोजतेय.

११ मार्च, सातारा

क्रांतीचं मैदान. पहाटे चारला निघालो. नाक्यावरच्या हॉटेलात इतर पोरी वडापाव खात होत्या, आमची गाडीतच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. एका पोरीनं विचारलं, घरचं का खातेस, पैसे नाहीत काय? क्रांती म्हणाली, "गहू बाधतोय मला. सिलिअ‍ॅक. लिहून घे, शब्द अवघड हाय." लाजली नाही, समजावत बसली नाही. चटणीचा घास पुढं केला, त्या पोरीनं खाल्ला.

आत पालकांना सोडत नाहीत. कुंपणाबाहेर उभा राहिलो. ट्रॅक दिसत नव्हता, नुसत्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. प्रत्येक शिट्टीला घड्याळ बघत होतो. चंपाबाईंचा चारदा फोन. विजयमाला गाडीतून उतरलीच नाही, डोळे मिटून बसली होती.

साडेदहाला क्रांती बाहेर आली. चेहरा लाल, घामाघूम, चालतीये ताठ. आईच्या गळ्यात पडली आधी. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"दोन एक्कावन्न."

यादी लागायची आहे, काय होईल ते होईल. पण ऑगस्टात जी पोरगी तीन एकवीसला येऊन मातीत बसत होती, ती दोन एक्कावन्नला येऊन माझ्यासमोर उभी होती आणि वाट बघत होती.

ही वही खरं लिहायची आहे म्हणून लिहितो. माझ्या ओठांवर जो पहिला शब्द आला तो "पन्नास का नाही?" हाच होता. गिळला. तिनं माझ्या घशाकडं बघितलं, आणि हसायला लागली.

"पचला का, पप्पा?"

पचला, म्हणालो.